बोलता कवी आणि महोत्सवाचा मांडव

मायकेल स्मिथ ह्या जमेकन कवीला १९८२ साली लंडनच्या एका भरलेल्या सभागृहाने डोक्यावर घेतले. १७ ऑगस्ट १९८३ रोजी जमेकातील स्टोनी हिल येथे त्याला दगडांनी मारण्यात आले. त्या वेळी तो अवघा २८ वर्षांचा होता. ह्या दोन घटनांमध्ये जेमतेम दीड वर्षाचे अंतर आहे, आणि दोन्ही ठिकाणी त्याने जे केले ते एकच होते. तो लोकांसमोर उभा राहिला आणि मोठ्याने बोलला. एका ठिकाणी टाळ्या मिळाल्या, दुसऱ्या ठिकाणी दगड. कविता लिहिणाऱ्यापेक्षा कविता बोलणाऱ्याचे जगणे वेगळे कसे असते, ह्या प्रश्नाचा विचार ह्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवूनच करावा लागतो.

आपल्याकडे काळ्यांच्या साहित्याची चर्चा नवी नाही. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्याचा परिचय मराठीला करून दिला. १९७२ साली मुंबईत जी संघटना उभी राहिली तिने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. पण ही सारी ओळख छापील पानांवरून झाली. रिचर्ड राईट, जेम्स बाल्डविन, लँग्स्टन ह्यूज हे आपण वाचले. कॅरिबियन बेटांतील बोलत्या कवींकडे त्या मानाने आपले लक्ष कमी गेले, आणि ह्याचे कारण त्यांच्या कवितेच्या स्वभावातच आहे. ती कविता पानावर पूर्ण नसते. तिचा अर्धा भाग गळ्यात असतो आणि उरलेल्या अर्ध्यातला बराचसा ऐकणाऱ्यांच्या तोंडावर. ज्यांनी जलसा पाहिला आहे, वामनदादांना रात्री दोन वाजता ऐकले आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आश्चर्य हेच की, ज्यांना हे समजावून सांगावे लागत नाही त्या आपण समीक्षा करताना मात्र पान पुढे ओढतो.

स्मिथ हा किंग्स्टनचा. बाप गवंडी, आई कारखान्यात कामाला. जमेकाच्या नाट्यशाळेत तो शिकला. १९७८ साली हवाना येथे भरलेल्या जागतिक युवक महोत्सवात तो जमेकाच्या वतीने गेला. १९८१ साली बार्बाडोस येथील कॅरिफेस्टा महोत्सवात त्याचे कवितावाचन झाले आणि ते बीबीसीने चित्रित केले. १९८२ मध्ये लंडन, आणि त्याच वर्षी ‘मी क्यान बिलीव्ह इट’ ही त्याची ध्वनिमुद्रिका. ह्या नावाचा अर्थ एवढाच की, माझा विश्वास बसत नाही. म्हणजे ह्या कवीच्या कीर्तीचा रस्ता पाहिला तर तो एका महोत्सवातून दुसऱ्या महोत्सवात गेलेला दिसतो. पुस्तक त्याच्या हयातीत आलेच नाही. ‘इट अ कम’ हा संग्रह १९८६ साली, तो मेल्यानंतर, निघाला. मर्व्हिन मॉरिस ह्या कवी-समीक्षकाने तो संपादित केला आणि त्यासाठी त्याला ध्वनिफितींचा आधार घ्यावा लागला. ऐकलेला उच्चार लिहायचा कसा, ओळ तोडायची कोठे, हे संपादकाने ठरवायचे आणि कवी ते तपासायला हयात नाही, अशी ही स्थिती.

त्याच्या बोलण्याची पद्धत मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांच्या हाका, पोरांची बडबडगीते, म्हणी, बायबलमधले तुकडे हे सारे तो एकत्र करी आणि त्यातून भाडे, बेकारी, घरकामाला ठेवलेल्या पोरी, पोलीस ह्यांच्याविषयी बोले. ‘देवा रे’ ह्या अर्थाचा एकच शब्द तो असा लांबवीत नेई की, एखादी मोटारसायकल सुरू करून कोणी वेग वाढवीत आहे असे वाटे. हा निव्वळ चमत्कार नव्हे. किंग्स्टनच्या गल्लीत जो आवाज रोज कानावर पडतो तोच देवाच्या नावात शिरतो आणि प्रार्थना तिथल्या तिथे तक्रार होते. आता हे छापायचे कसे? एका अक्षरापुढे सात-आठ अक्षरे लावून? मॉरिसने शक्य ते केले. पण छापलेली ती अक्षरे म्हणजे हलगी उतरून ठेवल्यावर तिचा जो आकार दिसतो तेवढीच असतात.

जमेकात ह्या कवितेला दारातून आत घेण्यास वेळ लागला. लुईस बेनेट (१९१९–२००६) ही बाई पन्नास वर्षे लोकांच्या बोलीत लिहीत व बोलत होती. तिच्या कार्यक्रमांना गर्दी व्हायची, लोक पोट धरून हसायचे, पण बराच काळ तिला कवी म्हणायला तिथले सुशिक्षित तयार नव्हते. करमणूक करणारी बाई, एवढेच. तिला गंभीरपणे वाचले पाहिजे असे सांगण्यासाठी १९६० च्या दशकात ह्याच मर्व्हिन मॉरिसला एक लेख लिहावा लागला. आपल्याकडच्या ‘गीतकार’ आणि ‘कवी’ ह्या विभागणीची येथे आठवण होते. वामनदादा कर्डक ह्यांच्या नावामागे ‘लोककवी’ लावताना ‘लोक’ ह्या शब्दाने त्यांचा गौरव होतो की त्यांना कवींच्या पंगतीपासून चार हात दूर बसवले जाते, हे त्या त्या प्रसंगी बोलणाऱ्याचा चेहरा पाहूनच ठरवावे लागते.

ओकू ओनुओरा ह्याचे उदाहरण तर अधिक बोचरे आहे. तो तुरुंगात असतानाच त्याच्या कवितांना जमेकाच्या साहित्य महोत्सवाच्या स्पर्धेत पारितोषिके मिळाली. कवी गजाआड आणि कविता व्यासपीठावर! १९७७ साली तो सुटला. महोत्सवाला कविता हवी असते, कवीचे काय करायचे हे त्याला नेहमीच ठाऊक नसते.

महोत्सव ही काय वस्तू आहे, हे आधी पाहू. १९४७ साली एडिंबरोला मोठा कलामहोत्सव सुरू झाला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या बोलावणे नसताना तेथे जाऊन पोहोचल्या आणि गावात मिळेल त्या जागी त्यांनी आपले प्रयोग केले. त्यातूनच ‘फ्रिंज’ नावाचा, काठावरचा महोत्सव जन्मला. आज तो मूळ महोत्सवाहून कितीतरी मोठा आहे. पण ज्यांना आमंत्रण नव्हते त्यांनी वसवलेल्या त्या काठावर आज येणाऱ्या कलावंताला नोंदणीचे पैसे भरावे लागतात, जागेचे भाडे द्यावे लागते, ऑगस्टमध्ये त्या शहरात राहण्याचा खर्च वेगळा. बोलता कवी तेथे महिनाभर रोज एक तास बोलतो, दुपारी रस्त्यावर स्वतःच्या कार्यक्रमाची पत्रके वाटतो आणि पुष्कळदा कर्ज घेऊन परततो. त्याच्या जगण्यातली ही बाजू कोणत्याही गौरवग्रंथात येत नाही. शिकागोच्या मार्क स्मिथने १९८० च्या दशकात कवितेची कुस्ती सुरू केली, ज्यात श्रोत्यांतूनच निवडलेले पंच कवितेला दहापैकी गुण देतात. कविता विद्वानांच्या हातून काढून लोकांकडे द्यावी हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण दुःखाला साडेआठ गुण मिळाले की पुढच्या वेळी कवी साडेनऊचे दुःख घेऊन येतो. आखाड्याचा हा नियमच असतो; त्याबद्दल कवीला दोष देऊन भागत नाही.

लिंटन क्वेसी जॉन्सन हा ह्या साऱ्यांतला सर्वात विचारी माणूस, आणि माझ्या मते सर्वात मोठा कवी. १९५२ साली तो जमेकात जन्मला, १९६३ साली लंडनला आला. शाळेत असतानाच तो ब्रिटनमधील ब्लॅक पँथर चळवळीच्या युवक शाखेत गेला. म्हणजे तो आधी कार्यकर्ता झाला आणि मग कवी. हा क्रम महत्त्वाचा आहे. १८ जानेवारी १९८१ रोजी लंडनमधील न्यू क्रॉस येथे वाढदिवसाच्या मेजवानीत आग लागून १३ काळी मुले-मुली मेली. सरकारने सांत्वनाचा शब्द काढला नाही. २ मार्च १९८१ रोजी सुमारे २० हजार काळी माणसे लंडनच्या रस्त्यांवरून चालत गेली. त्या आगीवर जॉन्सनने जी कविता केली तिच्यात आधी मेजवानीतला नाच येतो, गाणे येते, आणि मग एकदम किंकाळी. ऐकणाऱ्याचे पाय ठेक्यावर हलत असतानाच बातमी त्याच्या अंगावर येते. ठेका हा येथे सजावटीसाठी नाही. ज्या ठेक्यावर मुले नाचत होती तोच हा ठेका, आणि तो थांबत नाही म्हणूनच ऐकणे असह्य होते.

(२ मार्च ही तारीख आपल्याही ओळखीची आहे. १९३० साली ह्याच दिवशी नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १९५८ साली ह्याच दिवशी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, ज्याचे उद्‌घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. तारखांच्या अशा योगातून काही सिद्ध होत नाही. पण लक्षात आल्यावर न सांगता राहवले नाही.)

जॉन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. १९८२ साली जॉन ला रोझ यांची न्यू बीकन ही प्रकाशनसंस्था, जेसिका हंटली यांची बोगल-लुव्हर्चर आणि ‘रेस टुडे’ गट ह्यांनी मिळून काळ्यांचे व तिसऱ्या जगाचे पुस्तक प्रदर्शन भरविले. पहिल्या प्रदर्शनाचे उद्‌घाटन सी. एल. आर. जेम्स यांनी केले. हे प्रदर्शन १९९५ पर्यंत चालले, एकूण १२ वेळा. त्यात कवितावाचनाची संध्याकाळ असे. मायकेल स्मिथ लंडनमध्ये गाजला तो ह्या प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या कवितावाचनात. मांडव त्यांचा, व्यासपीठ त्यांचे, खुर्च्याही त्यांनीच मांडलेल्या. आणि स्मिथची ध्वनिमुद्रिका जॉन्सनने व डेनिस बोव्हेलने तयार केली. काळ्या कवीला गोऱ्या महोत्सवाने शोधून काढले अशी ही कथा नाही, एका काळ्या कवीने दुसऱ्याला हात धरून वर घेतले अशी आहे. आपल्याकडे १९५८ चे संमेलन, पुढे १९९९ साली धारावीत भरलेले विद्रोही साहित्य संमेलन, ह्या गोष्टी त्याच जातीच्या. मोठ्या संमेलनात जागा मागत बसण्यापेक्षा स्वतःचे संमेलन भरवावे, हा विचार लंडनला १९८२ साली सुचला, मुंबईला २४ वर्षे आधी.

परंतु स्वतःचा मांडव घातला म्हणजे सारे प्रश्न सुटले असे मानणे भाबडेपणाचे आहे. आपल्या मांडवात कवीचे काय होते ते आपण सारे जाणतो. चौदा एप्रिलच्या आधी चार दिवस निरोप येतो. गाडीभाडे मिळेल असे सांगतात. व्यासपीठावर नेत्यांची भाषणे लांबतात, कवीची पाळी येते तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, बायाबापड्या पोरांना घेऊन घरी गेलेल्या असतात, आणि आयोजक कानाशी येऊन सांगतात की, दादा, दोनच म्हणा. अलीकडे तर मोठ्या भोंग्यांच्या भिंती आल्या, त्यांच्यापुढे माणसाच्या आवाजाचे काम उरत नाही. हार घालतात, पाकीट विसरतात. बाबासाहेबांच्या सभा आणि जलसे ह्यांची जी तुलना आपल्या भाषणांतून वारंवार सांगितली जाते, ती सांगणारेच जलसाकाराला एसटी स्टँडवर रात्र काढायला लावतात. वामनदादा (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. मुंबईत येऊन राबले, मोठेपणी अक्षरे शिकले, १९४३ पासून गाणी केली आणि गावोगाव गायली. त्यांची हजारो गाणी लोकांच्या तोंडी आहेत. त्यातली किती गाणी गाणाऱ्याने पैसे घेऊन गायली आणि किती पैसे दादांपर्यंत पोहोचले, हा हिशेब आपण कधी मांडलेला नाही. त्यांनी मात्र एक शहाणपण केले होते: गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव घातले. संतांच्या अभंगात असते तसे. छापखाना, करारपत्र, हक्क ह्यांपैकी काहीही हाती नसताना कर्त्याचे नाव पुसले जाऊ नये ह्यासाठी बोलत्या परंपरेने केलेली ही तजवीज आहे. नाव काढायला गेले तर यमक मोडते.

तेव्हा परक्यांच्या महोत्सवाला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला मर्यादितच आहे. तो महोत्सव कवीला वेळेवर बोलावतो, निवासाची सोय करतो, मानधन देतो, त्याचा आवाज टिपून ठेवतो. मायकेल स्मिथचा आवाज आज ऐकता येतो तो ह्यामुळेच. नामदेव ढसाळ २००१ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सवात गेले, ह्याचा आपल्याला आनंदच झाला आणि तो व्हायलाच हवा होता. बेंजामिन झेफनाया (१९५८–२०२३) ह्या बर्मिंगहॅमच्या कवीने आयुष्यभर शाळांतून, सभागृहांतून, महोत्सवांतून कविता म्हटल्या. तेराव्या वर्षी शाळा सुटलेला हा माणूस पुढे शाळेच्या पोरांचा आवडता कवी झाला. २००३ साली राणीच्या नावाने देऊ केलेला किताब मात्र त्याने नाकारला, कारण त्या किताबाच्या नावात ‘साम्राज्य’ हा शब्द होता. म्हणजे व्यासपीठ घ्यावे आणि किताब नाकारावा, अशी रेषा आखता येते. ती कोठे आखायची हे ज्याचे त्याने ठरवावे लागते एवढेच.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. परक्यांचा महोत्सव कवीला गप्प बसवत नाही. तो त्याला बोलू देतो, अधिक जोराने बोला असेही सांगतो. तो बदलतो ते ऐकणाऱ्याला. कवितेत ज्याच्यावर आरोप केलेला असतो तो माणूस त्या सभागृहात नसतो. किंवा असला तरी त्याने तिकीट काढलेले असते, आणि तिकीट काढणारा आरोपी स्वतःला रसिक समजतो. ‘काय विदारक आहे हो’ असे म्हणून तो बाहेर जाऊन चहा पितो. विद्रोही कवितेला नकार पचवता येतो, शिव्या पचवता येतात. अशा प्रकारची दाद पचवणे तिला जड जाते. कारण विद्रोही कवितेचे वाक्य हे मुळात कोणाला तरी उद्देशून असते. ते ‘तू’ असे म्हणते. महोत्सवात त्या ‘तू’ची खुर्ची रिकामी असते आणि कवी हळूहळू रिकाम्या खुर्चीकडे पाहून बोलायला शिकतो. त्याचा आवाज सुधारतो, विराम नेमके होतात, हात कोठे न्यायचा ते कळते. त्याच्या कवितेतली नावे मात्र गळत जातात. सावकाराचे, सरपंचाचे, मुकादमाचे नाव जाते आणि ‘व्यवस्था’ येते. व्यवस्था हा शब्द खोटा नाही, आपणही तो ह्या पानांवरून भरपूर वापरतो. पण त्या शब्दाने आजवर कोणी खुर्चीतून उठून गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

स्टोनी हिलला नेमके उलटे घडले. तेथे महोत्सव नव्हता. १६ ऑगस्टच्या संध्याकाळी एक राजकीय सभा होती, शिक्षणमंत्री बोलत होत्या, आणि स्मिथने श्रोत्यांतून त्यांना अडवून प्रश्न केले. त्याला कोणी बोलावले नव्हते, त्याच्यापुढे ध्वनिक्षेपक नव्हता, ठेका नव्हता. दुसऱ्या दिवशी तो त्या भागातून जात असता काही माणसांनी त्याला अडवले. ती सत्ताधारी पक्षाची माणसे होती असे सांगितले जाते. बोलाचाली झाली आणि दगड आले. त्या खुनासाठी कोणाला शिक्षा झाली नाही. १७ ऑगस्ट हा मार्कस गार्वीचा जन्मदिवस. त्याच्या मृत्यूला हौतात्म्याचा मुलामा देऊन कविता मोठी करण्याची घाई अनेकांनी केली. ती मला मान्य नाही. कविता त्याआधीच मोठी होती, आणि २८ वर्षांच्या माणसाने मरायला नको होते. मला एवढेच दिसते की, लंडनमध्ये ज्या आवाजाने लोक हेलावले तोच आवाज, ज्याला उद्देशून होता त्याच्यापर्यंत पोहोचला तेव्हा, त्याचा अर्थ त्या माणसांना बरोबर कळला. समीक्षकांपेक्षाही बरोबर कळला असे म्हणावे लागते.

ह्याच संदर्भात अलीकडे पाहिलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या भागातला एक तरुण कवी एका मोठ्या शहरातल्या महोत्सवात निवडला गेला. मी त्याच्यासोबत गेलो होतो. हलगी आणा असे त्याला आधीच कळविले होते, जरी तो हलगी वाजवीत नाही. शेवटी ती उसनी आणून त्याच्या शेजारी ठेवली गेली. सात मिनिटे दिली होती. त्याची कविता गटारात उतरणाऱ्या माणसांवर आहे, तिच्यात चार कडवी आहेत, आणि चौथ्या कडव्यात आमच्या नगरपालिकेच्या ठेकेदाराचे नाव, त्याने किती दिवसांची मजुरी बुडवली, कोणत्या गल्लीतल्या झाकणाखाली कोण गुदमरला, हे सारे येते. त्याने तीनच कडवी म्हटली. सभागृह उभे राहिले. नंतर दोन बाया डोळे पुसत येऊन त्याच्याशी बोलल्या, एकाने पुढच्या वर्षीच्या आणखी एका महोत्सवाचे आमंत्रण दिले. परतीच्या गाडीत मी विचारले, चौथे का सोडलेस? तो म्हणाला, ‘सर, तिथं त्याला कोण ओळखतंय? उगं मिनिट गेलं असतं.’ मी काही बोललो नाही. त्याचे म्हणणे वेळेच्या हिशेबाने बरोबरच होते.

पुढच्या चौदा एप्रिलला वस्तीत रात्री उशिरा त्याची पाळी आली. ध्वनिक्षेपक खरखरत होता. निम्मी माणसे निघून गेली होती. ठेकेदाराने जयंतीला वर्गणी दिलेली असल्यामुळे तो पहिल्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, गळ्यात निळे उपरणे घालून बसला होता. पोराने तीन कडवी म्हटली, पाण्याचा एक घोट घेतला आणि चौथे सुरू केले. नाव आले तेव्हा मागच्या अंधारातून कोणीतरी ‘पुन्हा’ असे ओरडले. त्याने ते पुन्हा म्हटले. ठेकेदार उठला, उपरणे काढून खुर्चीवर ठेवले आणि आयोजकांपैकी दोघे त्याच्यामागे धावत गेले. पाचव्या दिवशी त्या पोराच्या बापाला कामावरून बसवले. तो खटला आता कामगार न्यायालयात आहे, आणि कविता पाच कडव्यांची झाली आहे.